फर्नेसचा गॅस मोजताना या चुका टाळा

न्यू जर्सीत थंडी पडली आणि घर गरम करणारे गॅसचे फर्नेस सुरू झाले की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, "आमचा फर्नेस गॅस फार खातोय, मीटरवर मोजलं मी." माझा पहिला प्रश्न ठरलेला: कुठला काटा बघितलास?

इथल्या बऱ्याच मीटरवर बिलाच्या आकड्यांखेरीज चाचणीच्या दोन छोट्या तबकड्या असतात. एकीची फेरी अर्ध्या घनफुटाची, दुसरीची दोन घनफुटांची. मागच्या जानेवारीत एका मित्राने रात्री अकराला फोन केला. एक फेरी २२.५ सेकंदांत. ३६०० भागिले २२.५ म्हणजे तासाला १६० फेऱ्या, गुणिले दोन, ३२० घनफूट. घनफुटाला साधारण १००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) धरले की झाले तासाला ३,२०,०००! फर्नेसच्या पाटीवर इनपुट, म्हणजे तासाला आत जाणाऱ्या गॅसची उष्णता, ८०,०००. गेलो तर थर्मोस्टॅट बंद, घर गारठलेलं आणि पोरं जॅकेटं घालून सोफ्यावर. बाहेर मीटरवर टॉर्च मारला, तबकडीवर स्वच्छ लिहिलेलं: १/२. म्हणजे तासाला ८० घनफूट, पाटीशी तंतोतंत. गणित चोख, पण तबकडी वाचायला दोन सेकंद कोण घालवणार!

दुसरी चूक म्हणजे आलेला आकडा आउटपुटशी, म्हणजे घराला मिळणाऱ्या उष्णतेशी, ताडून बघणं. मीटरला आत किती गॅस गेला एवढंच कळतं. ८०,००० इनपुटचा, ९६ टक्के कार्यक्षमतेचा फर्नेस घराला ७६,८०० देतो. मीटर मात्र ८०,०००च दाखवणार. उरलेली उष्णता कुठे गेली, हे मीटरला विचारू नका.

मोजताना गीझर, शेगडी, ड्रायर बंद. गीझरचा पायलट, म्हणजे सतत पेटती छोटी ज्योत, जळत असेल तर तोही थोडा गॅस घेतो, हे लक्षात ठेवा. दोन टप्प्यांचा फर्नेस खालच्या टप्प्यावर कमी गॅस घेणारच, त्यावर ओरडू नका. मी फर्नेस दहा मिनिटं चालू देतो, मग तीन फेऱ्या मोजून तीनने भागतो. आणि १००० हा आकडा ढोबळ आहे. नेमका हवा असेल तर बिलावरचा थर्मचा गुणक बघा, म्हणजे शंभर घनफुटांत किती थर्म (एक थर्म म्हणजे १,००,००० बीटीयू). १.०३५ असेल तर घनफुटाला १०३५ बीटीयू.

आकडा खरंच जुळला नाही, तर व्हिडिओ बघून गॅस व्हॉल्व्हचा स्क्रू पिळू नका. दाब जास्त झाला की हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणारा भाग) तापून तडकू शकतो, कार्बन मोनॉक्साइडही वाढू शकतो. तो स्क्रू मॅनोमीटर, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं यंत्र, घेऊन येणाऱ्या तंत्रज्ञाचा. माझ्याकडे मॅनोमीटर आहे, तरी मीही त्यालाच बोलावतो.