मुलांसाठी इतिहासाचे पुस्तक निवडताना

मुलांसाठी इतिहासाचे पुस्तक निवडताना मलपृष्ठावरची स्तुती बाजूला ठेवावी, मधलेच एखादे पान उघडावे आणि तेथील प्रत्येक ठाम विधानाला ‘हे कशावरून?’ असे विचारावे. उत्तर आसपासच्या पानांवर मिळत असेल, तर ते पुस्तक विचारात घेण्याजोगे आहे.

मोहेंजोदडो येथे सापडलेल्या, अंगावर नक्षीदार वस्त्र घेतलेल्या दाढीवाल्या पुरुषाच्या दगडी मूर्तीचे उदाहरण घ्यावे. तिला ‘पुरोहित राजा’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो पुरोहित किंवा राजा असल्याचा पुरावा नाही, आणि सिंधू लिपीही अद्याप उलगडलेली नाही. ‘हा तेथील राजा’ असे ठोकून देणारे पुस्तक परत ठेवावे. हे नाव अभ्यासकांनी अंदाजाने दिले आहे, असे सांगणारे घ्यावे. चित्राखाली माप दिले आहे का, हेही पाहावे. ही मूर्ती जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर उंचीची आहे. पानभर छापलेल्या छायाचित्रावरून मुले तिला सहज माणसाएवढी समजतात.

काल्पनिक चित्रे असण्यास हरकत नाही, मात्र ती काल्पनिक असल्याचे नमूद केलेले असावे. व्हायकिंग योद्ध्यांच्या शिरस्त्राणांना शिंगे दिसली, तर चित्रकाराने उत्खननापेक्षा एकोणिसाव्या शतकातील रंगभूमीच्या वेशभूषेवर अधिक विश्वास टाकला, असे खुशाल समजावे.

आवृत्तीचे वर्ष अवश्य तपासावे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई गाडले गेले, ते ऑगस्टमध्ये, असे जुनी पुस्तके निःशंकपणे सांगतात. परंतु २०१८ मध्ये तेथील भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधील तारीख आढळल्यापासून तो महिना वादाचा ठरला आहे.

संस्कृतीविषयक पुस्तकांत एखाद्या समाजाची माणसे केवळ सणाच्या पोशाखात दिसतात, की शाळेत, कामावर आणि स्वयंपाकघरातही दिसतात, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

वयोगटाच्या शिक्क्याला मी फारसे महत्त्व देत नाही. त्याऐवजी एक पान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. दर ओळीला नवे नाव आणि नवे साल येऊन ते अडखळत असेल, तर ते पुस्तक वर्षभराने पुन्हा पाहावे. शक्य असल्यास एकाच विषयावरची दोन पुस्तके आणावीत आणि त्यांची विधाने जेथे जुळत नाहीत, त्या जागा मुलालाच शोधू द्याव्यात.