शेवटल्या काळाची वचनं कशी वाचावीत: सुरुवात मत्तयाच्या २४व्या अध्यायापासून

शेवटल्या काळाविषयी बायबल काय म्हणतं हे समजून घ्यायचं असेल, तर प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. बहुतेक जण तिथूनच सुरू करतात, तेराव्या अध्यायातल्या श्वापदापाशी अडकतात आणि पुढचं सगळं कुणाच्या तरी व्हिडिओवर सोपवून देतात. त्यापेक्षा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४वा अध्याय उघडा. इथे खुद्द येशू बोलतो आहे, बोलण्याची जागा ठाऊक आहे, ऐकणारे कोण ते ठाऊक आहे आणि त्यांनी काय विचारलं तेही लिहून ठेवलेलं आहे. या अध्यायाचा अर्थ लावता आला की बाकीची वचनं त्याच पद्धतीने सुटत जातात.

वही आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. जमल्यास दोन भाषांतरं शेजारी ठेवा: बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं. दोन्हींत एखादा शब्द वेगळा दिसला की तिथे थांबायचं.

आधी एक शब्द मनातून बाजूला करायला हवा. ‘भविष्यवाणी’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राशिभविष्य येतं: कुठल्या तारखेला काय होणार, आपल्याला काय लाभणार. बायबलमधला संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप आणणारा माणूस. निरोपात पुढे घडणाऱ्या गोष्टी असतात, पण त्या सांगण्यामागे ऐकणाऱ्याने आज काय करावं हा हेतू असतो. म्हणून प्रत्येक परिच्छेदाला पहिला प्रश्न हाच: ज्यांना हे पहिल्यांदा सांगितलं गेलं, त्यांनी ऐकून काय करायचं होतं?

आता मत्तय २३:३७ (अध्याय २३, वचन ३७) पासून २५:४६ पर्यंत एका बैठकीत मोठ्याने वाचा. पाऊण तास लागणार नाही. तेविसाव्या अध्यायाचा शेवट सोडू नका. यरुशलेमसाठी येशू तिथे हळहळतो आणि ‘तुमचं घर ओसाड पडणार’ असं म्हणून मंदिराबाहेर पडतो. सगळं बोलणं इथून सुरू होतं.

मग वहीत शिष्यांचा प्रश्न उतरवा. २४:३ मध्ये खरं तर दोन प्रश्न आहेत: ‘या गोष्टी केव्हा होतील?’ आणि ‘तुझ्या येण्याचं व युगाच्या समाप्तीचं चिन्ह काय?’ ‘या गोष्टी’ म्हणजे आदल्याच वचनात सांगितलेलं, मंदिराच्या चिऱ्यावर चिरा न राहणं. शिष्यांच्या मनात दोन्ही प्रश्न एकच होते. मंदिर पडेल तेव्हा जगही संपेल, असं त्यांनी धरलं होतं. येशूच्या उत्तराने ती गाठ सुटते, पण सावकाश वाचलं तरच ते दिसतं.

मार्क १३ आणि लूक २१:५-३६ शेजारी उघडून ठेवा. तिन्ही ठिकाणी हेच भाषण आहे.

आता पेन्सिली. मंदिर आणि यरुशलेम यांविषयी जे स्पष्ट आहे ते एका रंगाने, ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयी जे स्पष्ट आहे ते दुसऱ्या रंगाने, आणि सगळ्या काळांना लागू पडतं ते तिसऱ्याने. जे कळत नाही ते कोरं ठेवा. सगळं रंगवून टाकायचा मोह पहिल्याच दिवशी होतो, तो आवरा.

चौथ्या ते चौदाव्या वचनापर्यंतचा मजकूर तिसऱ्या रंगाचा आहे. लढाया, दुष्काळ, भूकंप, खोटे ख्रिस्त. यांना ‘शेवटाची चिन्हं’ म्हणून सांगणारा उपदेश ऐकलात, तर सहावं आणि आठवं वचन पुन्हा वाचा. घाबरू नका, हे व्हायचंच आहे, पण एवढ्यात शेवट नाही, असं येशू म्हणतो. ही नुसती प्रसूतीच्या कळांची सुरुवात आहे. भूकंप झाला की शेवट मोजायला बसणं म्हणजे त्याने जे करू नका म्हणून बजावलं नेमकं तेच करणं.

पंधरावं वचन अवघड वाटतं, पण किल्ली हाताशी आहे. ‘ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ’ हे शब्द जुन्या करारातल्या दानीएल संदेष्ट्याचे आहेत (९:२७, ११:३१, १२:११). येशूच्या श्रोत्यांना त्यामागचा इतिहास तोंडपाठ होता. इ.स.पू. १६७ मध्ये अंतियोख एपिफानेस या राजाने यरुशलेमच्या मंदिरातल्या वेदीवर परक्या देवाची वेदी उभारली होती. कॅथलिक वाचकांच्या बायबलमध्ये मक्काबींचा पहिला ग्रंथ असतो, त्याच्या पहिल्याच अध्यायात हा प्रसंग मिळेल. प्रोटेस्टंट वाचकाने तो अध्याय मागून घेऊन वाचावा. तसंच पुन्हा घडेल, असं येशू सांगतो. नक्की काय घडेल, ते लूक उघड करतो. जिथे मत्तय ‘अमंगळ पदार्थ’ म्हणतो, त्याच जागी लूक २१:२० मध्ये ‘यरुशलेमला सैन्यांनी वेढलेलं पाहाल’ असं आहे.

मग पुढच्या सूचना बघा. यहूदीयात असतील त्यांनी डोंगरांकडे पळावं. धाब्यावर असेल त्याने घरात सामान आणायला उतरू नये. पळण्याची वेळ हिवाळ्यात किंवा शब्बाथ दिवशी (यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी) येऊ नये म्हणून प्रार्थना करावी. जगाचा अंत होत असेल तर डोंगरावर पळून उपयोग काय? या एका शहरातल्या माणसांना दिलेल्या, पाळता येण्याजोग्या सूचना आहेत. इ.स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केलं आणि इ.स. ७० मध्ये रोमी सेनापती तीतसच्या सैन्याने मंदिर जाळलं. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस लिहितो की यरुशलेमची ख्रिस्ती मंडळी युद्धाआधीच यार्देनेपलीकडच्या पेल्ला गावी निघून गेली होती. मंदिरातला सात फाट्यांचा दीपवृक्ष खांद्यावर वाहून नेणारे सैनिक रोममधल्या तीतसच्या कमानीवर आजही कोरलेले दिसतात. इथपर्यंतचा पहिला रंग निःशंक वापरा.

सगळ्यांत अवघड जागा चौतिसावं वचन आहे: हे सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. श्रद्धाळू माणसाचा इथे पाय घसरतो आणि टीका करणारा नेमकं इथेच बोट ठेवतो की ती पिढी गेली आणि येशू आला नाही. या अडचणीतून सुटायला दोन पळवाटा फार लोकप्रिय आहेत. दोन्ही सोडा.

पहिली पळवाट: ‘पिढी’ म्हणजे यहुदी वंश. मत्तयात ‘ही पिढी’ आणखी कुठे येते ते शोधा: ११:१६, १२:४१-४२, आणि २३:३६. शेवटचं वचन याच बोलण्याच्या थोडं आधीचं आहे. प्रत्येक ठिकाणी अर्थ एकच आहे, येशूसमोर उभी असलेली माणसं. मग एका वचनापुरता अर्थ बदलायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

दुसरी पळवाट अंजिराच्या झाडाची. बत्तिसाव्या वचनातलं अंजीर म्हणजे इस्राएल, त्याला पालवी फुटली म्हणजे १९४८ मध्ये देश उभा राहिला, पिढी म्हणजे ४० वर्षं, म्हणून १९८८. या हिशेबावर पुस्तकं खपली आणि १९८८ साल इतर सालांसारखंच येऊन गेलं. आता काही जण पिढी ७० वर्षांची धरतात, काही ८० वर्षांची. पण लूक २१:२९ उघडा. तिथे येशू ‘अंजीर आणि सर्व झाडं’ म्हणतो. म्हणजे अंजीर हे कुठल्या राष्ट्राचं सांकेतिक नाव नाही. पालवी दिसली की उन्हाळा जवळ आला हे कुणालाही कळतं, एवढाच तो दाखला आहे.

खरी वाट ३३व्या वचनातून जाते. ३३ आणि ३४ एकाखाली एक लिहून ‘हे सर्व’ या शब्दांना वर्तुळ करा. तेहतिसावं म्हणतं, हे सर्व पाहाल तेव्हा तो जवळ, दाराशी आहे असं समजा. आता विचार करा: या ‘हे सर्व’मध्ये त्याचं येणं धरता येईल का? नाही. तो आल्यावर ‘तो दाराशी आहे’ म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. म्हणजे ‘हे सर्व’ म्हणजे येण्याआधीच्या गोष्टी: संकटं, छळ, वेढा, मंदिराचा नाश. लगेच पुढच्या वचनात तेच शब्द येतात, म्हणून अर्थही तोच घ्यायचा. त्या पिढीच्या डोळ्यांदेखत हे सर्व झालं, साधारण चाळीस वर्षांत. मग ३६व्या वचनात शब्द बदलतो. ‘हे सर्व’ जाऊन ‘तो दिवस व ती घटका’ येते. त्याविषयी कुणालाच ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही. एका प्रश्नाला ‘याच पिढीत’ असं उत्तर मिळालं, दुसऱ्याला ‘कुणालाच माहीत नाही’ असं. शिष्यांनी घातलेली गाठ इथे सुटते.

वाचणाऱ्याने एवढं एक वर्तुळ नीट केलं, तर अर्धा गोंधळ मिटतो.

एक जागा तरीही अवघड उरते: एकोणतीस ते एकतीस. सूर्य अंधकारमय होईल, तारे गळून पडतील, मनुष्याचा पुत्र मेघांवर येताना दिसेल. यशया १३:१० मध्ये हीच भाषा बाबेलच्या (बॅबिलोनच्या) पाडावाला वापरली आहे, यहेज्केल ३२:७-८ मध्ये मिसरला (इजिप्तला). राज्यं कोसळतात तेव्हा संदेष्टे असं बोलत. आपणही डोक्यावर आभाळ कोसळलं म्हणतो, तेव्हा संकट केवढं हे सांगतो. त्यामुळे काही चांगले अभ्यासक ही तीन वचनं मंदिराच्या नाशाला लावतात. दानीएल ७:१३ मधला मनुष्याचा पुत्र मेघांसह देवापुढे जातो, पृथ्वीवर उतरत नाही, असंही ते दाखवून देतात. आमच्या मते इथे दुसरा रंगच योग्य आहे, कारण सत्ताविसाव्या वचनात येशूने आपलं येणं विजेसारखं, सगळ्यांना दिसेल असं म्हटलं आहे आणि ही वचनं त्याच धाग्यात आहेत. पण रंग फिका लावा. या मुद्द्यावरून मंडळीत भांडू नका.

छत्तिसाव्या वचनानंतर रंग पूर्ण बदलतो. चिन्हं संपतात आणि नेहमीचे दिवस येतात: खाणंपिणं, लग्नं, शेतात दोघे, जात्यावर दोघी. ‘एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल’ हे वाचून घेतली गेलेली भाग्यवान, असं लगेच धरू नका. थोडं आधी, एकोणचाळिसाव्या वचनात, नोहाच्या काळच्या पुराने ज्यांना वाहून नेलं, ते बुडालेले होते.

येशूच्या येण्याची तारीख सांगणाऱ्याचं काय करायचं? अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरला होता. रेडिओवरचा उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितला, तो गेल्यावर २१ ऑक्टोबर. दोघांनीही आकडेमोड बायबलमधूनच केली होती. लोकांनी घरदार, नोकऱ्या सोडल्या आणि विश्वासही गमावला. अनुवाद १८:२२ ची कसोटी सोपी आहे: सांगितलं ते घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हतं. तारखेचा मेसेज मंडळीच्या ग्रुपवर आला, तर वाद न घालता मत्तय २४:३६ आणि प्रेषितांची कृत्ये १:७ एवढं टाका आणि पुढे पाठवू नका. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र फोन करा.

पुढचा मुक्काम थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, ४:१३-१८. विश्वासणारे उचलून घेतले जाण्याविषयीचं हे मुख्य वचन. पौल ते वेळापत्रक म्हणून लिहीत नाही. ज्यांची माणसं वारली होती, त्यांना धीर देण्यासाठी लिहितो. मराठी भाषांतरात इथे ‘प्रभूला सामोरे होण्यासाठी’ असे शब्द आहेत आणि ते फार नेमके आहेत. पालखी येते तेव्हा गाव वेशीबाहेर सामोरं जातं आणि पालखीसोबत गावात परत येतं. तोच ग्रीक शब्द मत्तय २५:६ मध्ये वराला सामोऱ्या जाणाऱ्या कुमारींसाठी आहे. विश्वासणाऱ्यांना ख्रिस्ताच्या उघड येण्याच्या सात वर्षं आधी गुपचूप नेलं जाईल, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात उपदेशक जॉन नेल्सन डार्बीने रुजवली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून ती जगभर गेली. ती मानायची असेल तर माना, पण ती टिपांमधून आली आहे हे लक्षात असू द्या.

एवढं झाल्यावर प्रकटीकरण. हे आशियातल्या सात मंडळ्यांना पाठवलेलं पत्र आहे, त्यामुळे इफिस, स्मुर्णा, लावदिकीया यांना कळेल असाच त्याचा अर्थ असला पाहिजे. बारकोड किंवा मोबाइलच्या चिपचा अर्थ त्यांना लागला नसता. श्वापदाच्या ६६६ या आकड्याचंच बघा. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते. ‘नेरोन कैसर’ (रोमी सम्राट नीरो) हिब्रूत लिहिलं तर ५० + २०० + ६ + ५० + १०० + ६० + २०० = ६६६. शेवटचा ‘न’ काढून ‘नेरो’ केलं तर ५० वजा होऊन ६१६ उरतात. काही जुन्या हस्तलिखितांमध्ये नेमका ६१६ आकडा आहे. तर्क करायचा तर असा, पहिल्या वाचकाच्या हातातल्या साधनांनी करावा. ४२ महिने आणि १२६० दिवस हेही एकाच मापाचे आहेत: ४२ गुणिले ३०. हे माप दानीएलच्या साडेतीन काळांवरून आलं आहे. त्यातून साल काढायला जाऊ नका.

विसाव्या अध्यायातल्या हजार वर्षांवर मंडळ्यांमध्ये तीन मतं आहेत. ख्रिस्त आधी येईल आणि मग हजार वर्षं, हे एक. आधी हजार वर्षं आणि मग तो येईल, हे दुसरं. हजार वर्षं म्हणजे आताचाच काळ, हे तिसरं. तिन्ही मतांची माणसं एकाच प्रभुभोजनाला बसतात. तुमचे पाळक कुठलं मत शिकवतात ते विचारून घ्या आणि पुढे वाचा.

प्रकटीकरण पहिल्यांदा वाचताना एकही टीप उघडू नका. १:३ मध्ये आशीर्वाद मोठ्याने वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना आहे. घरातल्या दोघा-तिघांना बसवा, आलटून पालटून वाचा. बावीस अध्यायांना साधारण दीड तास लागतो. सहाव्या अध्यायानंतर पाणी प्यायला थांबा, आणि ख्रिस्तासाठी वापरलेला ‘कोकरा’ हा शब्द आला की वहीत एक रेघ ओढत जा.