पंपसेटच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय? आधी जागा शोधा

पाच-साडेपाच हॉर्सपॉवरच्या पंपसेटखाली किंवा पॉवर वीडरखाली सकाळी पेट्रोलचा डाग दिसला, की ‘कार्बोरेटरच बदला’ असा सल्ला हमखास मिळतो. त्या आधी अर्धा तास द्या. बहुतेकदा दोष निडलवर (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईवर) अडकलेल्या कचऱ्याचा नाहीतर झिजलेल्या रबराचा निघतो.

इंजिन थंड झालेलं हवं. काम उघड्यावर करा, आसपास विडी-चूल नको. प्लगची कॅप काढून बाजूला करा.

पेट्रोल लगेच उडून जातं, म्हणून गळतीची जागा नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. कार्बोरेटर आणि पाइप कोरडे पुसा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि खाली जुना पेपर पसरा. आता कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) बंद ठेवून पाइप कार्बोरेटरकडून सोडवा आणि बाटलीत धरा. दहा मिनिटांत थेंब पडले तर कॉकच पास होतोय.

पाइप परत लावून कॉक उघडा, पण इंजिन सुरू करू नका. दहा मिनिटांत पावडर कुठे भिजते ते पाहा. पाइपच्या टोकाशी भिजली तर क्लिप सैल आहे किंवा रबर तडकलंय. बाउलच्या (कार्बोरेटरखालच्या वाटीच्या) कडेला भिजली तर पॅकिंग, खालच्या बोल्टशी भिजली तर वायसर. बाहेरून सगळं कोरडं आणि पेट्रोल मात्र एअर क्लीनरकडून येतंय, तर तो ओव्हरफ्लो: निडल बंद होत नाही.

अशा वेळी बाउलवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. गळती थांबली तर कचरा होता. तो पुन्हा अडकणारच, त्यामुळे बाउल उघडावाच लागतो.

कॉक बंद करा, खाली डबा धरा आणि १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढा. बाउलमध्ये तांबूस गाळ असेल तर टाकीला गंज आहे. तळाशी मण्यासारखे घरंगळणारे थेंब म्हणजे पाणी. फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून निडल वर-खाली करणाऱ्या तुकड्याची) पिन ओढली की निडल सोबत येते. तिच्या टोकावरून नख फिरवा. गोल खाच लागली तर निडल बदला. फ्लोट कानाशी हलवा, आत खळखळलं तर तो फुटलाय. निडल जिथे बसते ती पितळेची सीट कापसाच्या काडीनेच पुसा. तार घातली की पितळेवर ओरखडा पडतो, मग नवी निडलही गळते.

फ्लोट-निडल बसवून, बाउल न लावता कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोलच्या नळीत स्वच्छ पाइपने फुंका. हवा जाता कामा नये. फ्लोट उचलल्यावर जायला हवी. होंडा जीएक्स१६० इंजिनमध्ये फ्लोटची उंची १३.७ मिमी असते. त्यात फरक असला तर फ्लोट वाकवू नका, फ्लोट किंवा निडल बदला.

पॅकिंग नवीन घाला. ते खाचेत नीट बसलं की बोल्ट बेताने आवळा.

आता इंजिन सुरू करायची घाई नको, आधी ऑइलची पट्टी काढून हुंगा. ओव्हरफ्लोचं पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढलेली, ऑइल पातळ आणि पेट्रोलचा वास असेल तर सगळं काढून नवीन भरा; जीएक्स१६० ला साधारण ६०० मिली लागतं. दोरी जाम झाली असेल तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलंय. प्लग काढा, भोकासमोरून बाजूला व्हा आणि दोरी सावकाश ओढा.