माळ्यावरचा व्हिडिओ गेम पुन्हा सुरू करताना

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जी खोकी खाली उतरतात, त्यांपैकी एखाद्यात नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम सापडतो. पिवळट पडलेले प्लॅस्टिकचे यंत्र, वायर गुंडाळून वर रबर लावलेले दोन रिमोट, एक बंदूक आणि पाच-सात कॅसेट एवढा तो ऐवज असतो. उत्साहाने तो टीव्हीला जोडला जातो, पडदा नुसताच करडा दिसतो, आणि ‘गेलाय तो’ असा निकाल देऊन त्याची रवानगी भंगारात होते. हा निकाल बहुधा घाईचा असतो. दोष एक तर अडॅप्टरमध्ये असतो, नाही तर कॅसेटच्या मळात, नाही तर नव्या टीव्हीत, आणि तो याच क्रमाने शोधावा, कारण पहिली पायरी चुकली तर धडधाकट यंत्रही खरोखरच जाते.

समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी आपल्याकडे घरोघरी आलेली ही यंत्रे मुळात एकाच जपानी यंत्राच्या नकला होत. निंटेंडो कंपनीचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ऊर्फ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली झाली होती. जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि कामापुरती दोन किलोबाइट मेमरी एवढ्या भांडवलावर ते मारिओ चालवत असे. नकला करणाऱ्यांनी पुढे हे सारे एकाच चिपमध्ये कोंबले. यंत्र उघडल्यावर आतल्या सर्किटच्या पाटीच्या मधोमध डांबरासारखा जो काळा गोळा दिसतो, तीच ती चिप. हा गोळा जळला असेल तर दुरुस्ती नाही. बाकी सर्व भाग बदलता येतात. मूळ रचना एकच असल्यामुळे साठ पिनांची, म्हणजे तोंडाशी धातूच्या साठ पट्ट्या असलेली, कॅसेट बहुतेक कोणत्याही नकलेत चालते. मात्र अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली मोठी राखाडी कॅसेट ७२ पिनांची असते, ती आपल्या यंत्रात बसत नाही, म्हणून ती दाबून पाहू नये.

आता अडॅप्टरविषयी. यंत्राच्या मागच्या बाजूला, पिन जिथे खुपसतो त्या भोकाशेजारी, एक छोटी आकृती छापलेली असते. एका वर्तुळाच्या दोन बाजूंना अधिक आणि उणे ही चिन्हे असतात, आणि पिनेच्या आतल्या बाजूस अधिक हवे की उणे हे त्यावरून कळते. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरना आत अधिक असते, तर मूळ फॅमिकॉमला आणि त्याच्या कित्येक नकलांना आत उणे लागते. मी स्वतः एकदा, केवळ पिन बसते म्हणून, घरातल्या राउटरचा अडॅप्टर या यंत्राला लावला होता. दोन-तीन सेकंद काहीच झाले नाही, मग आतून ‘टप्प’ असा आवाज आला आणि खोलीभर जळक्या मासळीसारखा वास पसरला. वीज साठवणारा एक कपॅसिटर फुटला होता आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटरही गेला होता. दोन्ही भाग मिळून चहा-वड्याच्या पैशांत आले हे खरे, पण ते डाग देऊन बसवण्यात माझा एक रविवार गेला.

त्यामुळे आकृती पुसली गेली असेल तर अंदाजाने काहीही लावू नये. यंत्राच्या तळाचे स्क्रू काढावेत. आत पत्र्याच्या तुकड्याला चिकटवलेला तीन पायांचा एक भाग दिसेल, त्यावर ७८०५ हा आकडा असतो. बाहेरून येणाऱ्या विजेचे स्थिर पाच व्होल्ट करून देणारा तो रेग्युलेटर होय. आकडा आपल्याकडे करून पाहिल्यास डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला उणेचा म्हणजे ग्राउंडचा आणि उजवा पाच व्होल्टचा असतो. वीज मोजण्याचे मल्टिमीटर हे उपकरण ‘टीं’ वाजण्याच्या खुणेवर ठेवून त्याची एक तार मधल्या पायाला आणि दुसरी पिनेच्या भोकातल्या आतल्या टोकाला लावावी. आवाज आला तर आत उणे आहे. बाहेरच्या पट्टीला लावल्यावर आवाज आला तर आत अधिक आहे. या मोजमापाच्या वेळी यंत्राला वीज जोडलेली नसावी, हे सांगायला नकोच.

जुना वजनदार अडॅप्टर सापडला तरी तो आधी मोजून घ्यावा. त्यावर ९ व्होल्ट लिहिलेले असते आणि काहीही न जोडता मोजल्यास मीटर १२-१३ दाखवतो. हा दोष नव्हे, त्या काळच्या साध्या ट्रान्सफॉर्मरचे तसेच असते; यंत्र जोडून भार पडला की व्होल्टेज खाली उतरते. तरीही वायर कडक होऊन तडकली असेल तर मी ९ व्होल्ट, १ अँपिअरचा नवा अडॅप्टर घेण्याच्याच बाजूचा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन, यंत्राला आत उणे लागत असेल तर ‘सेंटर निगेटिव्ह’ असे स्पष्ट सांगून तो मागावा. वीज जोडल्यावर ७८०५च्या उजव्या पायावर पाचच्या आसपास व्होल्ट मिळाले म्हणजे निम्मे काम झाले.

वीज आहे, दिवा लागतो, पण पडदा एकाच रंगाचा राहतो किंवा अक्षरांचा भलताच चिवडा दिसतो, तेव्हा कॅसेटकडे वळावे. लहानपणी आपण सर्वांनी कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली आहे आणि ती फुंकर लागू पडल्याचे शपथेवर सांगितले आहे. लागू पडत असे ते कॅसेट काढून पुन्हा बसवणे. त्या हालचालीने पिना एकमेकींवर घासल्या जात. फुंकरीतून जाणारी ओल मात्र तांब्यावर बसून गंज वाढवते, आणि निंटेंडोनेही कॅसेटमध्ये फुंकू नये असेच सांगितलेले आहे.

कॅसेटच्या तोंडाशी पिवळसर पट्ट्यांची एक ओळ दिसते. कापूस लावलेली काडी ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, झटकून, त्या पट्ट्यांवर वरून खाली फिरवावी, आडवी फिरवू नये. पहिली काडी काजळासारखी काळी निघते, दुसरी करडी, तिसरी जवळजवळ पांढरी. तीस वर्षांचा मळ तीन काड्यांत उतरताना पाहणे हा या कामातला सर्वांत समाधानाचा भाग आहे, असे मला वाटते. एवढ्याने भागले नाही तर कॅसेट उघडून पट्ट्यांवर साधे पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे आणि उरलेला चुरा ब्रशने झाडून टाकावा. पॉलिश पेपर वापरू नये, कारण पट्ट्यांवरचा मुलामा अगदी पातळ असतो. हात धुण्याचे सॅनिटायझरही नको. त्यातले ग्लिसरीन आणि पाणी मागे राहते. यंत्राच्या खाचेसाठी जुने एटीएम कार्ड बारीक सुती कापडात गुंडाळून, अल्कोहोलने किंचित ओले करून, चार-पाच वेळा आत-बाहेर करावे. कॅसेट बसवताना यंत्र बंद असावे आणि चित्राची बाजू खेळणाऱ्याकडे असावी.

‘९९९९९९९ इन १’ असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये काही बिघडून गेम कमी झाले आहेत अशी शंका कोणी घेऊ नये. त्यात मुळातच मोजके गेम असत आणि तेच निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या टप्प्यांपासून पुन्हा पुन्हा यादीत येत.

टीव्ही हा यातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग. यंत्राला मागे पिवळे आणि लाल किंवा पांढरे भोक असेल तर ते एव्ही होय: पिवळ्यातून चित्र आणि दुसऱ्यातून आवाज. आवाज एकाच वायरीतून येतो, म्हणून तिसरी वायर मोकळी राहिली तरी काही बिघडत नाही. केवळ अँटेनाची वायर निघत असेल आणि टीव्हीत ॲनालॉग ट्यूनर, म्हणजे जुन्या पद्धतीचे अँटेनाचे प्रसारण पकडणारा भाग, असेल, तर यंत्र चालू ठेवून ‘ऑटो सर्च’ लावावे. मुंग्यांतून मारिओची विटांची भिंत उगवेपर्यंत धीर धरावा. नव्या टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर मधे कन्व्हर्टर लागतो. दुकानात एकसारख्या दिसणाऱ्या दोन डब्या असतात, ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’. आपल्याला पहिली हवी. दुसरी उलट काम करते आणि कितीही खटपट केली तरी चित्र देत नाही. या डबीला स्वतःची पाच व्होल्टची वीजही लागते, ती मोबाइलच्या चार्जरवरून द्यावी.

चित्र आल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोन बदल करावेत. आकार ४:३ ठेवावा, नाही तर मारिओ हलवायासारखा आडवा होतो. ‘गेम मोड’ चालू करावा, कारण टीव्ही चित्र सुधारण्यासाठी जो वेळ खातो, तेवढ्या वेळाने बटण दाबल्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. खड्डा ओलांडण्याची उडी आपण वेळेवर मारलेली असते आणि मारिओ तरीही खड्ड्यात जातो. रंग न येता चित्र काळे-पांढरे दिसत असेल तर रंगपद्धती ‘पाल’ किंवा ‘ऑटो’वर आणावी. स्वस्त कन्व्हर्टरचा एक दोष मात्र सेटिंगने जात नाही. मार खाल्ल्यावर मारिओ लुकलुकतो, तेव्हा कधीकधी तो पडद्यावरून पूर्ण नाहीसाच होतो. यंत्र साध्या रेघांचे चित्र पाठवते आणि डबी त्याला जुन्या प्रसारणासारखे एकाआड एक रेघांचे समजून शिवत बसते, त्यात लुकलुकण्याची एक बाजू हरवते.

गेम लावल्याने टीव्हीची पिक्चर ट्यूब उडते, असे घरातले मोठे सांगत आणि सातच्या बातम्या लागण्यापूर्वी वायर काढायला लावत. ते सर्वस्वी खोटे नव्हते. एकच स्थिर चित्र तासन् तास राहिले तर ट्यूबच्या आतल्या लेपावर त्याची छाप उमटू शकते, ट्यूब उडत मात्र नाही. आजच्या एलसीडी पडद्याला ही भीती फारशी नाही, पण ओएलईडी टीव्ही असेल तर गेम पॉज करून जेवायला जाऊ नये, कारण वरची गुणांची ओळ तिथेच उभी राहते. क्रिकेटचा सामना पाहणाऱ्यांशी भांडण टाळायचे असेल तर कन्व्हर्टर कायम जोडलेला ठेवावा. डाव संपल्यावरच्या मध्यंतरात रिमोटच्या एका बटणाने गेमकडे आणि तसेच परत सामन्याकडे जाता येते.

बंदूक मात्र नव्या टीव्हीवर चालणार नाही, आणि त्यात बंदुकीचा दोष नाही. बदकांच्या गेममध्ये चाप ओढला की क्षणभर सारा पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग असतो. आधी अंधार आणि नेमक्या त्याच क्षणी उजेड दिसला तरच गेम नेम लागल्याचे मानतो. बल्बकडे बंदूक रोखून बदके पाडण्याचा आमच्या गल्लीतला उद्योग म्हणूनच फसत असे. एलसीडीवर तो चौकोन उशिरा उमटतो आणि तोपर्यंत गेमने ‘चुकला’ असे ठरवलेले असते. बदके पाडायचीच असतील तर डबा टीव्ही हवा. तो कोणी फुकट देत असेल तर घ्यावा, मात्र त्याचे मागचे झाकण स्वतः उघडू नये; वीज काढल्यावरही पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार राहिलेला असू शकतो.

रिमोटची तपासणी सोपी आहे. एकही बटण चालत नसेल तर वायर तुटलेली असते, बहुधा ती रिमोटमध्ये शिरते त्या वळणाशी. एक-दोनच बटणे रुसली असतील तर आतल्या रबराखालची काळी टिकली मळलेली असते. ती कोरड्या कापडाने पुसावी, आणि पाटीवरचा काळा थर घासून काढू नये, कारण तोच वीज वाहून नेतो.

सर्व जुळून आल्यावर एक गोष्ट खटकेल. मोबाइलवर खेळलेला मारिओ या मारिओपेक्षा चपळ होता. आपल्या पाल टीव्हीसाठी बनवलेल्या बहुतेक नकला सेकंदाला ५० चित्रे काढत, मूळ जपानी यंत्र मात्र ६० काढत असे. त्यामुळे मूळ यंत्रावरचा एक मिनिटाचा खेळ आपल्याकडे ७२ सेकंद चाले, संगीतही तेवढेच रेंगाळे. संगणकावर फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे इम्युलेटरमध्ये, हाच वेग हवा असेल तर ‘डेंडी’ हा पर्याय निवडावा. रशियात १९९२ साली आलेल्या अशाच एका नकलेचे ते नाव आहे.

खोके पुन्हा माळ्यावर चढवण्यापूर्वी कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद कराव्यात, वायरी न मुरगळता सैल गुंडाळाव्यात आणि अडॅप्टरवर जाड मार्करने लिहून ठेवावे: ‘गेमचा, ९ व्होल्ट, आत उणे. राउटरचा नाही.’ आपल्या यंत्राला आत अधिक लागत असेल तर अर्थातच तसे लिहावे.