चर्चचे जुने कागद हाताळताना या चुका टाळा

इंटर्नशिपला आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, यादी कुठून सुरू करू?" यादी नंतर. आधी गाठ बघा.

जालन्याकडच्या एका मंडळीची, म्हणजे गावच्या चर्चची, पत्र्याची पेटी आमच्याकडे आली होती. आत कापडी रुमालात बांधलेले गठ्ठे. मी जेवून येईपर्यंत एका हुशार पोरानं सगळे रुमाल सोडून कागद सालवार लावून ठेवले होते. टेबल देखणं दिसत होतं. माझ्या पोटात मात्र गोळा आला. जुन्या सेक्रेटरीनं एकेका रुमालात एकेक प्रकरण बांधलं होतं: लग्नाचा अर्ज, मुलीच्या बापाची संमती, दुसऱ्या गावच्या पाळकांची (पाद्रींची) चिठ्ठी. चिठ्ठीवर ना तारीख, ना नाव. "पत्र आणणारा आपल्याच मंडळीचा आहे" एवढंच. कोण आणणारा, हे शेजारच्या कागदावरून कळायचं, आणि तो शेजारच तोडला गेला. पुढे कित्येक आठवडे आम्ही पिनेच्या गंजाचे डाग आणि वाळवीची भोकं जुळवत बसलो. एका कागदाचं भोक दुसऱ्यावर नेमकं बसलं की जोडी सापडायची. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या अजून तशाच पडून आहेत.

माझी सवय सांगतो. गाठ सोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो. मग वरून खाली, प्रत्येक कागदाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं क्रमांक. दिवसाला एकच रुमाल. ज्याला यात कंटाळा येतो त्यानं हे काम घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी नेहमीची चूक सालाची. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जमिनीच्या कागदांवर आणि पावत्यांवर फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचं साल, येतो. एका पावतीवर '१३४१' दिसलं, तर इंटर्नशिपच्या एका मुलीनं लेखनदोष समजून यादीत '१९४१' लिहिलं. खरं साल १९३१-३२. फसलीच्या पहिल्या, आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांना ५९१. यादीत मूळ आकडा तसाच ठेवा, इसवी सन चौकटी कंसात लिहा.

सगळ्या कागदांवर 'सीएनआय' लिहून मोकळं होऊ नका. सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, वेगवेगळी चर्चं एकत्र येऊन १९७० साली झालं. त्याआधीचं रजिस्टर ज्या मिशनचं, त्याच मिशनच्या नावानं नोंदवा.

बाकी थोडक्यात. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. बॉलपेन टेबलावर आणायचंच नाही. गंजलेली पिन ओढू नका, खाली प्लॅस्टिकची पट्टी सरकवून सैल करा. हातमोज्यांपेक्षा धुऊन कोरडे केलेले हात बरे. बाप्तिस्म्याआधीचं आणि नंतरचं अशी दोन नावं असतील तर दोन्ही लिहा, स्पेलिंग सुधारू नका.

आणि पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. एकानं बाप्तिस्म्याच्या वहीतलं सुंदर अक्षर म्हणून पान ग्रुपवर टाकलं. त्या पानावर एका बाळाच्या बापाचा रकाना कोरा होता. त्या बाळाची नातवंडं आजही दर रविवारी त्याच मंडळीत येतात.