मधल्या सुट्टीतला डबा

लेक दुसरीत. घंटा झाली की कानांवर हात, डबा तसाच परत. भाजीचे वास, बाकांची खरखर, पोरांचा कल्ला, सगळं एकदम अंगावर येतं त्याच्या. आधी मी त्यालाच समजावत बसले, तिथेच चुकले.

मग बाईंना भेटले. मुलाच्या गरजेप्रमाणे शाळेनं सोय करावी, असं 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. त्याची प्रत पर्समध्ये होती, काढावी लागली नाही. घंटेआधी बाई खूण करतात. बाकांच्या पायांना जुने टेनिस बॉल कापून बसवले. डबा वाचनालयाच्या पायरीवर, एका मित्रासोबत. मित्र त्यानंच निवडला: ‘जो हळू बोलतो तो.’

दोघं तिथे मुंग्या मोजतात. परवा डब्यात चकली नव्हती, तर माझ्याशीच भांडला: ‘अगं, त्याला लागते ना!’