सेकंडहँड हिमालयन ४११ : क्लच आणि गिअरचा प्रॉब्लेम नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ ही बाइक आली २०१६ ला आणि २०२३ मध्ये नवी हिमालयन ४५० आल्यावर बंद झाली, त्यामुळे सेकंडहँड बाजारात सध्या त्या भरपूर दिसतात आणि कमी बजेटमध्ये टूरिंगची गाडी हवी असलेले बरेच जण हीच बघतात. पण यातल्या कित्येक गाड्या लडाख-स्पितीला लोड बांधून, मागे माणूस बसवून, पाण्यातून काढून आलेल्या असतात, आणि हाफ क्लचवर चढलेल्या प्रत्येक चढाचा हिशोब कुठेतरी लागलेला असतोच. म्हणून गिअर नीट पडत नाही म्हटलं की मिस्त्री थेट "क्लचच्या प्लेटा गेल्या" म्हणून कव्हर उघडायला घेतो. त्याला थांबवा. बाहेरून आत जायचं, फुकटातल्या गोष्टी आधी, इंजिन उघडणं सगळ्यात शेवटी.

सगळ्यात आधी एकच ठरवायचं, क्लच स्लिप होतोय (लिव्हर सोडलेली असतानाही प्लेटा घसरतात) की पूर्ण सुटत नाहीये (लिव्हर दाबूनही इंजिन चाकापासून वेगळं होत नाही). हे दोन एकदम उलटे प्रॉब्लेम आहेत आणि दोन्हीला लोक सरसकट "क्लच खराब" म्हणतात.

स्लिप बघायला मोकळा चढ घ्या, कुठलाही घाट चालेल, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये ५०-६० च्या स्पीडला गाडी असताना थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि स्पीड तिथेच राहिला तर स्लिप आहे. काटा आणि स्पीड दोन्ही हळूहळू सोबत चढले तर क्लच ठीक आहे, २४ बीएचपीची वजनदार गाडी आहे, ती चढाला सावकाशच पळणार.

क्लच सुटत नसेल तर वेगळी लक्षणं दिसतात. सिग्नलला इंजिन चालू असताना न्यूट्रल काही केल्या लागत नाही, पण इंजिन बंद केलं की लगेच लागतं. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण इंजिन बंद असताना आणि गाडी जरा मागेपुढे हलवूनही न्यूट्रल लागत नसेल तर दोष क्लचचा नाही, गिअर लिव्हरचा किंवा आतल्या शिफ्टरचा आहे. घरी बघायचं तर गाडी मेन स्टँडवर लावून गरम करा, क्लच पूर्ण दाबून फर्स्ट टाका. मागचं चाक थोडं फिरेल, ते चालतं, ऑइलमुळे फिरतं. आता क्लच दाबूनच मागचा ब्रेक लावा, चाक थांबून इंजिन आरामात चालू राहिलं तर बरोबर, इंजिन दबून बंद पडायला लागलं तर क्लच सुटत नाहीये. चाकाजवळ हात अजिबात नेऊ नका.

आता केबल, आणि इथे वेळ घालवा कारण बहुतेक उत्तरं इथेच सापडतात. लिव्हर दाबायला सुरुवात केल्यावर मुळाशी साधारण २-३ मिमी मोकळा प्ले, म्हणजे केबल ओढली जायच्या आधीची ढील, हवा. प्ले अजिबात नसेल तर केबल सतत ओढलेली राहते, प्लेटांवर पूर्ण दाब बसत नाही आणि क्लच स्लिप होतो, चांगल्या प्लेटा अशाच जळतात. प्ले जास्त असेल तर उलट, क्लच पूर्ण सुटत नाही. ॲडजस्ट करताना हँडलजवळचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत फिरवा, मोठी ॲडजस्टमेंट खालच्या टोकाला करा, म्हणजे वरचा ॲडजस्टर रस्त्यात हातानेच फिरवायला शिल्लक राहतो. आणि एक सवय लावून घ्या, प्ले कुठल्या बाजूला सरकतोय ते बघत जा. आपोआप कमी होत चालला असेल तर प्लेटा झिजतायत, वाढत चालला असेल तर केबल ताणली जातेय किंवा आतून एकेक तार तुटतेय. लिव्हरमधलं केबलचं टोक बाहेर काढून बघा, टोकाच्या धातूच्या बोंडाच्या मुळाशी एक जरी तार उसवलेली दिसली तर केबल त्याच दिवशी बदला.

टूरिंगच्या गाडीत अजून एक हमखास प्रकार म्हणजे आधीच्या मालकाने बसवलेले हँडल रायझर. हँडल वर गेलं पण केबल तेवढीच राहिली. न्यूट्रलमध्ये गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा, दोन्हीकडे क्लचचा प्ले हाताने तपासा. एका टोकाला प्ले गायब होत असेल तर केबलचा रूट बदला किंवा लांब केबल टाका, प्लेटांचा काही संबंध नाही.

यानंतर ऑइल. या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच सगळं एकाच ऑइलमध्ये चालतं. १५डब्ल्यू५० (ऑइलचा जाडपणा) आणि जासो एमए२ (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा) हेच टाका. कारचं पातळ, मायलेजवालं ऑइल, म्हणजे ज्याच्या डब्यावरच्या गोल शिक्क्यात रिसोर्स कन्झर्व्हिंग असं छापलेलं असतं, ते टाकलेलं असेल तर क्लच स्लिप होऊ शकतो. आधी काय टाकलंय हे मालकाला नीट आठवत नसेल तर विचारत बसू नका, ऑइल आणि फिल्टर बदला, थोडी गाडी चालवा आणि मग पुन्हा घाटात तपासा. काढलेल्या ऑइलचा वास घ्या, जळकट उग्र वास म्हणजे प्लेटा तापलेल्या आहेत.

पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि फर्स्ट टाकताच गाडी उडी मारते. इंजिन बंद ठेवून, गिअरमध्ये, क्लच दाबून गाडी चार-पाच वेळा मागेपुढे ढकला, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतात. आणि क्लच दाबलेला असताना फर्स्ट टाकल्याबरोबर झटका न बसता इंजिन गपकन बंद होत असेल तर क्लचला हात लावू नका, साइड स्टँडचा स्विच चिखलाने भरलाय का ते बघा, स्टँड खाली आहे असं समजून तो इंजिन बंद करतो.

गिअर लिव्हर पण सोडू नका. गाडी डावीकडे पडलेली असेल तर लिव्हर वाकून इंजिनला किंवा क्रॅश गार्डला टेकतो आणि शिफ्ट अर्धवट होतो. लिव्हरचा बोल्ट ढिला असेल तर आतले दाते खाल्ले जातात, हाताने हलवून बघितलं की कळतं. चेन ढिली असेल किंवा मागच्या चाकातले धक्का शोषणारे रबर गेले असतील तर प्रत्येक शिफ्टला धक्का बसतो आणि दोष क्लचवर जातो.

एवढं सगळं ठीक असूनही स्लिप होत असेल तरच कव्हर उघडा. फक्त फ्रिक्शन प्लेटा बदलून भागवू नका, स्टीलच्या प्लेटा निळ्या पडल्यात का आणि सपाट काचेवर ठेवल्यावर डुलतात का बघा, स्प्रिंगची लांबी मोजा, प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटच्या कडांवर नख फिरवा. नख अडकेल एवढ्या खाचा पडल्या असतील तर नव्या प्लेटा पण त्याच खाचांत अडकणार आणि क्लच झटक्याने सुटणार. नव्या फ्रिक्शन प्लेटा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवूनच बसवा, आणि स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा, जोर लावलात तर तुटतात.

एक गोष्ट मात्र घरी सुटणारी नाही. जोरात ओढताना गिअर आपोआप बाहेर पडत असेल, विशेषतः तोच एक गिअर पुन्हा पुन्हा, तर आतल्या गिअरचे डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे दात) झिजलेत किंवा शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वाकलाय, पूर्ण इंजिन फोडावं लागतं. गाडी अजून घेतली नसेल तर तो खर्च किमतीतून कमी करून घ्या, मालक ऐकत नसेल तर दुसरी गाडी बघा.

आणि लांब जाताना नवी केबल बॅगेत ठेवू नका, जुन्या केबलच्या शेजारून त्याच रूटने टाकून टेपने चिकटवून ठेवा, दोन्ही टोकांवर प्लास्टिक गुंडाळून, म्हणजे माळशेजच्या पावसात केबल तुटली तरी टाकी न काढता फक्त दोन टोकं जोडायची आणि पुढे निघायचं.